माकडशिंगाच्या घरातलं

८ जून, रविवार

पहिल्या एसटीनं देवगाव रंगारी. पुढं रफिकभाईंच्या मोटारसायकलवर मागं बसून टेकडी. निघताना अक्काचं नेहमीचं, “धरून बस. सहासष्टीचा झालास, अजून डोंगर हिंडायलास.” थोरली बहीण घरात असली की माणूस म्हातारा होत नाही. बाळूच राहतो.

ती आहे. शिंदळ माकुडी, उत्तरेकडच्या टप्प्यावर, काळ्या कातळाच्या फटीत, हेंकळाच्या झुडपाखाली. पानं अजून नाहीत. नुसत्या करड्या, गोल, बोटाएवढ्या जाड दांड्या लोंबतायत. कुणी पाहिलं तर वाळकी काटकी समजून पुढं जाईल. जावं. पुस्तकांत ह्या दुर्मीळ झाडाचं गाव म्हणजे जुन्नर आणि तिकडचे घाट. आपल्या जिल्ह्याचं नाव नाही. आणि ही इथं बसलेली, मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो तेव्हापासून. फोटो कुठं टाकला नाही. टाकला की हौशी लोक खुरपी घेऊन येतात.

उतरताना पायथ्याला फक्कीच्या रेघा दिसल्या. रफिकभाईंना विचारलं. टेकडी त्यांच्या घराची, चार भावांत. मान खाली घालून म्हणाले, “छोट्या भाईनं मुरुमाला दिली सर. रस्त्याचं काम चाललंय ना.”

येताना बसमध्ये काही सुचलं नाही.

२२ जून, रविवार

पाऊस बरा. पुन्हा गेलो. पानं फुटलीत. मांसल, हिरवीगार. ह्या घराण्यात पानं मिरवणारी ही एकटीच, बाकी सगळ्या नुसत्या दांड्यांवर जगतात.

अक्काला फोटो दाखवला, मोबाईल लांब धरून तिनं पाहिला.
“ह्ये तर माकडशिंग.”
“त्याच्याच घरातलं. पण माकडशिंगाची दांडी चौकोनी असते. हिची गोल. आणि हिला पानं.”
“आई करायची बग. ऋषिपंचमीला. आपुन तर कच्चंच खायचो, मीठ लावून.”
खायचो खरं. आजोळच्या माळावर. आंबट, मग मागून कडू. अक्का फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायची आणि वाटणीत मला नेहमी जास्त. हे मला आज तिनं सांगेपर्यंत आठवत नव्हतं.

१३ जुलै, रविवार

जेसीबी आला. पायथा खाल्लाय. वरचा टप्पा अजून लांब आहे. रफिकभाई म्हणतात, “वो टप्पा दिवाळी तक नै छेडते, मैं भाई से जबान लिया हूं.” रफिकभाई सरळ माणूस. भावाच्या शब्दाचं मला माहीत नाही.

रानातलं रानात, हा माझा नेम. तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. एक रोप उपटलं म्हणून एका पोराला वर्गाबाहेर काढलं होतं. आज स्वतःच्या हातानं एक फांद्यांचा झुबका मुळासकट काढला, ओल्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला. बाकीचा वेल तिथंच. एसटीत पिशवी मांडीवर. शेजारच्या माणसानं विचारलं, काय भाजी का. हो म्हटलं.

१४ जुलै

कुंडीत तिच्याच टेकडीचा मुरूम, विटांचा चुरा, थोडी जुनी पालापाचोळ्याची माती. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवली, दुपारचं ऊन लागणार नाही अशी.

अक्काला बजावलं, पाणी घालायचं नाही.
“झाडाला पानी घालू नको हे शिकवायला पगार घेत होतास व्हय?”
तरी घातलं नाही तिनं. मी बघत होतो.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

अक्कानं राखी बांधली, नारळीभात केला. संध्याकाळी गच्चीवर गेलो तर कळ्या. तीन. मोहरीएवढ्या, पण कळ्याच. बराच वेळ उकिडवा बसून राहिलो, मग उठता येईना. अक्काला हाक मारून उठवून घेतलं.

पुण्याच्या पाठक मॅडमना फोन केला. आयुष्यभर ह्याच झाडांवर काम करतात. परिषदेत एकदा ओळख झालेली. इतकी वर्षं कुणाला बोललो नाही, आज सगळं बोललो. त्या म्हणाल्या, “फोटोवर कोण विश्वास ठेवणार सर? फूल जागेवर पाहिलं पाहिजे. गणपती झाले की येते. खरंच असेल तर मी कलेक्टरपर्यंत जाईन.” खरंच असेल तर. रागावलो नाही. मीही हेच म्हणालो असतो.

फांद्या तोडून कलमं करून ठेवावीत का? कळ्यांवर आहे. आता कापलं तर कळ्या गाळेल. फूल होऊ दे, मॅडम पाहू देत, मग करू.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

कॉलनीत मातीचे बैल. अक्काला आतापासून ऋषिपंचमीची काळजी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा तिचा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. नवरा गेला, सासर सुटलं, माझ्याकडं राहायला आली, नेम काही सुटला नाही. सिडकोच्या भाजीबाजारात कन्नडकडची एक म्हातारी रानभाज्या घेऊन बसायची. यंदा दिसत नाही.

मी म्हटलं, “अगं आता नांगरायला बैल आहे कुठं? सगळं ट्रॅक्टरनं. म्हणजे बाजारातली सगळीच भाजी तुला चालते.”
“टॅक्टरचा काय भरवसा. मागून बैल घालत्यात कोळपायला.”
“मग शेतकऱ्याला लिहून मागू.”
“हास तू. देव बघायलाय.”

कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्यात.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेशचतुर्थी.

गणपती बसले. मोदक अक्काच्या मते फसले, माझ्या मते नाही. संध्याकाळी आरती चालू असताना रफिकभाईंचा फोन. घेतला नाही. नंतर लावला. नुसतं म्हणाले, “सर, कल आ जाव.” आवाज बरा नव्हता. काय झालं विचारलं तर तेच. कल आ जाव.

२८ ऑगस्ट, गुरुवार. ऋषिपंचमी.

लिहितो. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

सकाळी अंधारातच निघालो. अक्का आघाड्याच्या काडीनं दात घासत होती. जातो म्हटलं, तिनं हात हलवला.

टप्पा नाही. टेकडीला उत्तर बाजूच नाही. लाल उभी भिंत, ओली. हेंकळाचं एक झुडूप उलटं पडलेलं. रफिकभाई आधीच येऊन उभे होते. “मैं बोला था भाई को, सर. काल सणाची सुट्टी, लोक नसतील म्हणून मी घरी. त्याच दिवशी लावलं त्यांनी मशीन.” भावाशी त्यांचं मोठं भांडण झालं होतं, शर्टाची बटणं तुटलेली. दोघांनी मिळून ढिगारा चिवडला. एक फांदी मिळाली असती तरी चाललं असतं. ढिगारा होताच केवढा. बाकीचा सगळा हायवा ट्रकात भरून रातोरात रस्त्यावर गेला.

येताना एकच विचार, कुंडी आहे. कुंडी आहे. मोठ्यानं म्हणत असणार, कंडक्टर बघत होता.

घरी आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सकाळपासून पोटात काही नाही. अक्कानं पान वाढलं. देवभात, दही, भाजी. फार खुशीत होती. म्हणाली, यंदा खरी ऋषीची भाजी झाली बघ, डोंगराची. मी ऐकलं आणि ऐकलं नाही. डोक्यात तोच डोंगर होता. भाजी चांगली झाली होती. आंबटसर. मागून जराशी कडवट. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

छान झालीय, असंही म्हणालो.

मग वर गेलो.

कुंडीत माती. मातीबरोबर कापलेले बुडखे.

खाली आलो. “अक्का, कुंडीतलं कुठाय?”
“कुठाय म्हंजे? तुझ्या ताटात होतं की.”

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, हातात वाढायचा डाव तसाच. “मला काय म्हाईत बाळू. बैलाचं नाय, नांगराचं नाय, डोंगरावरचं. तूच म्हनलास माकडशिंगाच्या घरातलं हाय. मला वाटलं, खायलाच आनलंस. आईची भाजी तुला खाऊ घालावी वाटली.”

पानं खुडून टाकली होती तिनं, माकडशिंगाला पानं नसतात म्हणून. कळ्याही. कचऱ्याचा डबा पाहिला. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती.

२९ ऑगस्ट

मी खाल्ली. दोनदा.

३० ऑगस्ट

दोष कुणाला द्यावा? मीच घरातलं म्हणालो. मीच कलमं पुढं ढकलली. मीच एवढी वर्षं तोंड मिटून बसलो, हे हौशी लोकांपासून वाचवायला. सगळं कळतं. तरी अक्का समोर आली की मी उठून जातो. रागच आहे तो. दुसरं नाव देत नाही.

१ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण शेजाऱ्यांकडं. अक्का एकटीच गेली. माझ्यासाठी डबा आणला. तिथं कुणी तरी माझी चौकशी केली म्हणे. “बरं नाय त्याला, म्हनून सांगितलं.” हे ती भिंतीकडं बघून बोलली. मी डबा उघडला, खाल्लं, धुऊन ठेवला.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन झालं काल. आज पाठक मॅडमचा फोन, गुरुवारी निघते म्हणाल्या. येऊ नका म्हटलं. का? टेकडी गेली. आणि तुमच्याकडचं रोप? मेलं, म्हटलं. “पाणी जास्त झालं का?” हो म्हटलं. त्या म्हणाल्या, होतं असं सर. त्यांच्या स्वरात दया होती, आणि मागं थोडं दुसरंही. मुळात होतं का, असं.

खाल्लं हे सांगता आलं नाही. बहिणीनं केलं आणि मी खाल्लं, हे कसं सांगणार.

१४ सप्टेंबर

कुंडी उकरून मूळ पाहिलं. बुडख्यातून फुटत नाही हे मला माहीत आहे. मी शिकवलेलं आहे. तरी रोज बघत होतो. आज बोटात धरलं तर लगदा झाला. माती तशीच ठेवली.

अक्का जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. गुडघे दुखतात म्हणून ती गच्चीवर सहसा येत नाही. मग कठडा धरून खाली गेली.

२८ सप्टेंबर

पाऊस थांबेना. लोकांची शेतं वाहून गेली आणि मी एका झाडाचं धरून बसलोय. लाज वाटते. लाज वाटून दुःख कमी होत नाही, हे मला नव्यानं कळलं.

परवा कामानिमित्त कन्नडला जाऊन आलो. नवा रस्ता झालाय, बस गुळगुळीत चालते. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, ह्याच रस्त्याखाली टाकलंय ते. आपण तिच्यावरून चाललोय. खिडकीतून बाहेर बघत रडलो. शेजारी एक बाई होती, तिनं पाण्याची बाटली पुढं केली. घेतली.

२ ऑक्टोबर. दसरा.

ओळखीच्या सगळ्यांना सोनं देऊन आलो. घरी अक्काला दिलं नाही. देवासमोर आपट्याची पानं ठेवली आणि आत गेलो. संध्याकाळी पाहिलं तर माझ्या चष्म्याच्या घरावर दोन पानं ठेवलेली. तिनंच.

एका घरात दोन माणसं. भांड्यांचे आवाज तेवढे. ती टीव्हीचा आवाज मोठा ठेवते हल्ली. ऐकायला येत नाही म्हणून नव्हे, ऐकू येतं तिला सगळं.

मला बोलायचं आहे. रोज सकाळी ठरवतो. चहा झाला का, एवढंच विचारायचं. तोंड उघडलं की ती भाजीची चव येते.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज.

अक्कानं पाट मांडला. मी बसलो. तिनं ओवाळलं, निरांजनाची वात दोनदा विझली. मी ताटात ओवाळणी टाकली. तिनं ती उचलून माझ्या हातात परत ठेवली. “मला ह्ये नको. बोल माझ्याशी. काय वाटंल ते बोल, पन बोल.”

मी बसून राहिलो. ताट उचलून ती आत गेली. ओवाळणी पाटावरच.

मी इतका वाईट माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उठलो तर अक्का नाही. चहा झाकून ठेवलेला, गार. वाटलं देवळात. दहा वाजले, अकरा. शेजारी विचारलं, नाही. तिच्या चपला नाहीत, कापडी पिशवी नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गच्चीचा जिना धड चढवत नाही जिला. काय काय मनात आलं. सगळ्यांत आधी ती भाऊबीज आली.

दुपारी रफिकभाईंचा फोन. “सर, आपा हमारे यहां आये हैं. फिकर नक्को करो. घरवाली को लेके डोंगर पे गये.”

एकटी, एसटीनं. कुठं उतरायचं ते कंडक्टरला विचारून. स्टँडवर रफिक पटेलचं घर कुठलं ते विचारून.

मी निघत होतो तर ते म्हणाले, येऊ नका, मी सोडतो त्यांना बसमध्ये. संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन उभा राहिलो. ती उतरली. पाय सुजलेले, लुगड्याला कुसळं. पिशवी छातीशी धरलेली. घरी येऊन खुर्चीत बसली, पिशवी उघडली, ओलं फडकं सोडलं.

“ह्येच का बघ. लई हिंडले. मागल्या अंगाला खडक ऱ्हायलाय थोडा, तिथं घावलं. पानं नायती, उन्हानं गळाली असतील.”

हातात घेतलं. बोटांनीच कळलं. चार कडा. चौकोनी. माकडशिंग. साधं, माळावरचं, कुठंही उगवणारं.

तिच्या तळहातात काटे होते. हेंकळाचे, बोरीचे. मनगटापर्यंत ओरखडे.

“हो,” मी म्हटलं. “हीच.”

अडीच महिन्यांत पहिला शब्द बोललो, तो खोटा.

मग सुई घेतली, चष्मा लावला, काटे काढले एकेक. ती हुं हुं करत होती. मी विचारलं, चहा घेतेस का. ती म्हणाली, घेते. मग रडली. मीही.

१२ नोव्हेंबर

त्याच कुंडीत लावली. अक्का कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत वर आली, लावताना बघायला. “दुपारचं ऊन नको ना हिला?” नको म्हटलं. माकडशिंग भर उन्हात, दगडावर जगतं. टाकीच्या आडोशालाच ठेवली.

रफिकभाईंना आभाराचा फोन केला. ते थोडं घुटमळले. माझ्याबरोबर इतक्या वेळा येऊन त्यांनाही ती ओळखू येते. म्हणाले, “सर, आपा ने पूछा मेरेकू, सर पैचानेंगे क्या बोलके.”
“तुम्ही काय सांगितलंत?”
“मैं बोला, सर है वो.”
पुढं काय म्हणाली, विचारलं. काही नाही म्हणाले. फडकं ओलं करून मागितलं फक्त.

म्हणजे तिला माहीत आहे? की नुसती काळजी होती, बरोबर आणलं का म्हणून? सर पैचानेंगे क्या. दोन्हीही होऊ शकतं. विचारणार कसं.

७ डिसेंबर, रविवार

घर पुन्हा घरासारखं झालंय. वांग्यावरून भांडलो आज. बरं वाटलं.

अक्का शेजारच्या बाईंना सांगत होती गॅलरीतून, “आख्ख्या जिल्ह्यात एकच ऱ्हायलंय म्हनं तसलं. आमच्या गच्चीवर हाय.” बाई म्हणाल्या, काय सांगता. मी आत पेपर तोंडासमोर धरला. हसायला आलं आणि मग हसू कुठं गेलं कळलं नाही.

कधी कधी वर एकटा जातो आणि त्या चौकोनी दांडीकडं बघतो. तिचा काही दोष नाही. पण मला तिची माया येत नाही. खरीची पानं, ती मखमली, जांभळट तांबडी फुलं, मधे पिवळा ठिपका, माश्या बोलावणारा तो घाण वास, सगळं पुन्हा पुन्हा आठवतं. ती कुठंच नाही आता. मी जिवंत असेपर्यंत माझ्या डोक्यात आहे, तेवढीच.

१४ जानेवारी. संक्रांत.

अक्कानं तिळगूळ दिला. “गोड बोल,” म्हणाली, आणि हसली नाही.

कुंडीतलीनं मूळ धरलंय. सुरकुतलेली होती ती टणक झाली. अक्कानं मला हाक मारून दाखवलं. “बाळू, जगली.” हो अक्का, जगली.

“पानं कवा येतील?”
“पावसाळ्यात.”
“आनि फूल?”
“भाद्रपदात.”
“बरं,” म्हणाली. “यंदा मी पंचमीचं उद्यापन करून टाकते. झाला नेम पुष्कळ. आता नको ती भाजी.”

नको करू म्हणायला हवं होतं. लहानपणापासूनचा तिचा एकच नेम. म्हणालो नाही. खरंच नको वाटली मला ती भाजी.

१६ जानेवारी, शुक्रवार

दुपारी पाठक मॅडमचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. “सर, तुमच्या ताईंनी फोन केला होता मला. सापडलं म्हणाल्या! मागच्या बाजूला अजून खडक आहे म्हणे. मी रविवारी येतेय. आधी कुंडीतलं बघते, मग जागा.”

अक्कानं शेजारच्या सुनेकडून माझ्या मोबाईलवरून नंबर लावून घेतला. मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा.

“तू सांगायचा नाहीस मला म्हाईत हाय,” अक्का म्हणाली. “तुझं तोंड मिटलेलं. माझ्यामुळं तुझं गेलं, माझ्यामुळंच परत यावं. त्या बाईनं म्हनलं पायजे, सर खरं बोलत होते.”

म्हणजे तिला माहीत नाही. माहीत असतं तर तिनं फोन केला नसता. की माहीत आहे, आणि मॅडमनाही कळणार नाही असं वाटतंय तिला? दिवसभर हेच.

पाठक मॅडमना कळायला दांडी हातातही घ्यावी लागणार नाही. गच्चीच्या दारातूनच कळेल.

१७ जानेवारी, शनिवार

अक्का सकाळी रिक्षानं गुलमंडीला जाऊन आली. मॅडमची ओटी भरायला खण आणला, हिरवा, बारीक काठाचा. मला दाखवला. “चांगला हाय ना? शिकलेल्या बाईला चालंल ना?” चालेल म्हटलं. गच्चीवर जाऊन पिशव्या, जुनी डबडी आवरली, टाकीजवळची जागा स्वतः झाडली. गुडघे धरून खाली आली. उद्या पुरण घालणार आहे.

मॅडमना आधीच गाठून सांगावं. बाई, ते माकडशिंग आहे, पण तिच्यासमोर हो म्हणा. आयुष्यभर पानं, दांड्या, पाकळ्या मोजून जे खरं तेच लिहिणारी बाई. तिला सांगायचं, हो म्हणा. मी स्वतः कुणाला कधी सांगितलं नसतं असं. आणि त्या हो म्हणाल्याच, तर मग मागच्या बाजूचा खडक कोण बघणार? कदाचित तिथं खरीच असेल एखादी फटीत, अक्काला न दिसलेली. आम्ही तिघांनी मिळून खोट्यावर शिक्का मारला की तिकडं कुणी फिरकणारही नाही.

आणि नाही म्हणाल्या, तर अक्का हातात खण घेऊन तिथं उभी असेल.

संध्याकाळी मॅडमना फोन लावला. अक्का समोर बसून पुरणाची डाळ निवडत होती, मान वर करून बघत होती, म्हणून नुसतं किती वाजेपर्यंत येता, एवढंच विचारलं. दहापर्यंत पोचते म्हणाल्या.